ब्लेकचे कोकरू आणि ब्लेकचा वाघ

कोकरू म्हणजे निरागसता, वाघ म्हणजे क्रौर्य, असे फळ्यावर लिहून आम्ही मास्तर मंडळी मोकळे होतो. इंग्रज कवी विल्यम ब्लेकला हे समीकरण लावले की त्याची कविता हातातून निसटते.

१७८९ साली ब्लेकने ‘निरागसतेची गाणी’ काढली. शब्द आणि चित्रे त्याने स्वतः तांब्याच्या पत्र्यावर उठविली, छापली, हाताने रंगविली. त्यात कोकरू आहे, पण ते केवळ कुरणातले नाही. लंडनची धुराडी साफ करणाऱ्या एका पोराचे डोके भादरले जाते, तेव्हा त्याचे कुरळे केस कवीला कोकराच्या पाठीसारखे दिसतात. आठ वर्षांखालील मुलांना या कामाला लावू नये, असा कायदा १७८८ सालीच झाला होता. तो कागदावर राहिला. सेंट पॉलच्या चर्चमध्ये रांगेने नेलेली धर्मादाय शाळांची मुलेही त्याला कोकरेच वाटतात. निरागसतेच्या पुस्तकाला काजळी अशी आधीच लागलेली आहे.

१७९४ साली ‘अनुभवाची गाणी’ त्याला जोडून आली आणि तिच्यात वाघ आला. कोकराला कोणी घडविले, याचे उत्तर पहिल्या पुस्तकातले मूल लगेच देते. वाघाच्या कवितेत मात्र नुसते प्रश्नच आहेत. दोघांचा निर्माता एकच काय, यावर कवी गप्प राहतो.

त्या काळच्या इंग्रजांना आणखी एक वाघ ठाऊक होता : टिपू सुलतान. त्याच्या सिंहासनावर वाघ, शिपायांच्या कपड्यांवर वाघाचे पट्टे. ब्लेकने टिपूवर लिहिले, असा आमचा दावा नाही. पण १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीने जे पदक पाडले, ते ब्लेकच्या कवितेशेजारी ठेवून पाहावे. त्यावर ब्रिटिश सिंहाने वाघाला खाली पाडले आहे आणि वर निशाणावर अरबीत ‘असदुल्लाह अल-गालिब’! हजरत अलींचा हा किताब टिपूच्याच निशाणीतला. जेत्यांनी मुलूख घेतला, शब्दही घेतले. पदकाला कोणताच प्रश्न पडलेला नाही.

ब्लेकच्या पत्र्यावरचा वाघ कोणाच्या पंजाखाली नाही. तो झाडाशी नुसता उभा आहे, आणि कित्येक प्रतींत तर चेहरा अगदी गरीब. आम्ही हे चित्र वर्गात दाखविले, तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, इससे कौन डरेगा?”