फिरत्या घराचें एंजिन

घर म्हटलें कीं तें एका जागीं उभें असावें, आणि गाडी म्हटली कीं ती चालत राहावी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनींत निर्माण झालेल्या एका वाहनानें हे दोन्ही धर्म एकत्र नांदविले. त्यांत निजावयास बिछाना होता, स्वयंपाकास चूल होती, आणि या सर्व संसाराच्या पाठीमागें, अगदीं शेवटच्या कप्प्यांत, चार सिलिंडरांचें एक लहानसें एंजिन होतें. त्या एंजिनास पाणी लागत नसे. वाऱ्यानेंच तें थंड होई. फोक्सवागेन कारखान्याची 'टाइप २' ती हीच. तिचीं जुनीं एंजिनें आजहि उकलून, दुरुस्त करून पुन्हां बसविलीं जातात. तें काम वरवर पाहतां केवळ कारागिराचें दिसतें. परंतु त्याच्या प्रत्येक पायरीमागें एका युद्धाचा, एका दुष्काळाचा आणि एका काटकसरीच्या विचाराचा इतिहास उभा आहे.

या एंजिनाची कुळकथा निष्कलंक नाहीं. सन १९३४ मध्यें फर्डिनांड पोर्शे यांजकडे सामान्य जर्मन कुटुंबास परवडेल अशी मोटार तयार करण्याचें काम सोंपविण्यांत आलें. त्यांच्या कार्यालयांतील फ्रान्झ क्साव्हर राइमश्पीस यांनीं जें एंजिन आंखलें, त्यांत दोन सिलिंडर डावीकडे व दोन उजवीकडे आडवे निजविलेले होते. हवेनें थंड होणारें एंजिन हें कांहीं नवल नव्हतें. चेकोस्लोव्हाकियांत हान्स लेडविंका यांनीं टाट्रा मोटारींत तें आधींच यशस्वी करून दाखविलें होतें. पाणी टाळण्याचें कारण व्यवहाराचें होतें. ज्याच्याजवळ मोटारखाना नाहीं, त्याची गाडी हिंवाळ्यांत उघड्यावर उभी राहणार. रात्रीं पाणी गोठलें तर एंजिन फुटणार. वारा गोठत नाहीं आणि गळतहि नाहीं. मात्र ही मोटार मिळावी म्हणून तीन लाखांहून अधिक जर्मनांनीं आठवड्याआठवड्यास तिकिटें चिकटवून पैसे सांठविले आणि त्यांतील एकाच्याहि हातीं त्या योजनेंतील गाडी पडली नाहीं. नाझी राजवटीनें उभारलेला तो कारखाना युद्धाच्या कामास जुंपला गेला, आणि तेथें हजारों परदेशी स्त्रीपुरुषांकडून सक्तीनें मजुरी करून घेण्यांत आली.

सन १९४५ मध्यें भग्नावस्थेंतील हा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या ताब्यांत आला. मेजर आयव्हन हर्स्ट यांनीं ढिगारे उपसून तेथें पुन्हां मोटारी तयार करावयास लावलें. कारखान्याच्या आवारांत माल वाहण्यासाठीं मोटारीच्या सांगाड्यावर सपाट फळ्या ठोकून कामगारांनीं एक ओबडधोबड गाडी बनविली होती. हॉलंडमधील व्यापारी बेन पॉन यांनीं ती पाहिली, आणि २३ एप्रिल १९४७ रोजीं आपल्या टिपणवहींत एक चित्र काढलें: पुढें चालक, मागें एंजिन, मध्यें माल. एवढ्याशा रेघांतून पुढें लाखों गाड्या जन्मास आल्या. कारखान्याचे नवे प्रमुख हाइनरिख नॉर्डहॉफ यांनीं ही कल्पना उचलून धरली. पहिला नमुना मोटारीच्याच सांगाड्यावर केला, तो ओझ्याखालीं वांकला; तेव्हां सबंध शरीरच भार पेलील अशी नवी बांधणी करावी लागली. ब्राउनश्वाइग येथील वातबोगद्यांत तिचा पुढचा भाग गोलसर करण्यांत आला आणि वाऱ्याचा विरोध पुष्कळच कमी झाला. ८ मार्च १९५० पासून ही गाडी नियमितपणें बाहेर पडूं लागली. तिचें एंजिन ११३१ घन सेंटिमीटरांचें, आणि शक्ति अवघी २५ अश्वांची!

पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया या जुन्या गाडीकारखान्यानें तींत उचलून ठेवतां येईल अशी निजण्याची व स्वयंपाकाची सामुग्री बसविली. आठवडाभर माल वाहणारी गाडी सुट्टीच्या दिवशीं कुटुंबाचें घर होऊं लागली. परंतु संसार वाढला कीं ओझें वाढतें, आणि ओझें वाढलें कीं एंजिन तापतें. मोटारीसाठीं योजिलेलें यंत्र आतां कपाटें, गाद्या, पाण्याच्या टाक्या आणि चारपांच माणसें घेऊन डोंगर चढूं लागलें. कारखान्यानें त्याची शक्ति क्रमाक्रमानें वाढविली. १९६७ सालच्या नव्या आकाराच्या गाडींत ती ४७ अश्वांवर गेली. तरीहि गाडीच्या मानानें एंजिन लहानच राहिलें, आणि तें लवकर झिजणें हें ओघानेंच आलें.

या झिजेवर कारखान्यानें जो उपाय काढला तो युद्धोत्तर टंचाईचें अपत्य होय. लोखंड नाहीं, ॲल्युमिनियम नाहीं, यंत्रें नाहींत. अशा स्थितींत जुना भाग फेंकून देणें परवडणारें नव्हतें. म्हणून १९४७ पासून झिजलेले भाग परत घेऊन, नव्यासारखे करून देण्याची पद्धत तेथें सुरू झाली. १९५८ मध्यें कासेल येथें या कामासाठीं स्वतंत्र व्यवस्था झाली. गिऱ्हाइकानें थकलेलें एंजिन द्यावें, वरचे पैसे भरावे आणि सुधारलेलें एंजिन घेऊन जावें. हें शक्य झालें, कारण राइमश्पीस यांच्या रचनेंत एंजिन गाडीशीं फार गुंतलेलें नव्हतें. गिअरपेटीशीं त्याला जखडणारे मुख्य नटबोल्ट चारच. दोन वर, दोन खालीं.

जीर्णोद्धाराचें काम मात्र सोपें नाहीं. एंजिनाची पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची, दोन अर्धुकें एकमेकांस जोडून झालेली. ही धातु हलकी खरी, पण मऊ. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनें व हादऱ्यांनीं बेअरिंगच्या बैठका लांबट होतात. त्या एका रेषेंत पुन्हां कोरून घ्याव्या लागतात. क्रँकशाफ्ट घासून त्याला जाड बेअरिंग द्यावें लागतें; सिलिंडर व पिस्टन जोडीनें बदलावे लागतात. फ्लायव्हील बसविल्यावर क्रँकशाफ्टास मागेंपुढें हलण्यास मिलिमीटरचा सुमारें दहावा हिस्सा एवढीच मोकळीक ठेवावयाची असते. ती पातळ चकत्या घालून साधतात. या मोजमापांत घाई करणारा कारागीर पुढें हजार मैलांवर त्याची किंमत भरतो, किंवा त्याचें गिऱ्हाईक भरतें.

मग बसविण्याचा प्रसंग येतो. प्रथम बॅटरीची तार सोडवावयाची. गाडीची मागची बाजू भक्कम आधारांवर उंच करावयाची आणि एंजिन चाकांच्या जॅकवर ठेवून हळूहळू वर न्यावयाचें. गिअरपेटीचा दांडा क्लचच्या तबकडींतून जाऊन फ्लायव्हीलच्या मध्यांत शिरला पाहिजे. तबकडी नेमकी मध्यावर नसेल तर दांडा शिरत नाहीं. आणि अर्धवट शिरलेल्या दांड्यावर एंजिनाचें ओझें लोंबकळूं दिलें तर तबकडी वांकते. येथें बळाचा उपयोग नाहीं. एंजिन किंचित् डोलवावें, फ्लायव्हील थोडें फिरवावें, आणि दोन्ही धातु एकमेकांस सपाट भिडेपर्यंत धीर धरावा. बोल्ट आंवळून भिडविणें हा अडाणीपणा होय. यानंतर पेट्रोलची नळी, प्रवेगकाची तार, उष्ण हवेच्या नळ्या व विजेच्या तारा जोडावयाच्या. नळी जुनी असेल तर ती बदललीच पाहिजे. पेट्रोलचा थेंब तापलेल्या एंजिनावर पडून लागलेल्या आगींत अशा कित्येक गाड्या नष्ट झाल्या आहेत, आणि पेटलेलें मॅग्नेशियम पाण्यानें विझत नाहीं.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें एंजिनाभोंवतींच्या पत्र्यांकडे आणि त्यांच्या कडेच्या रबरी पट्टीकडे. हे पत्रे शोभेचे नव्हेत. वरच्या कप्प्यांतील थंड हवा पंख्यानें ओढून सिलिंडरांच्या पात्यांवरून खालीं लोटावयाची, आणि तापलेली हवा पुन्हां वर येऊं द्यावयाची नाहीं, हें त्यांचें कार्य. एक पट्टी गळाली, एक पत्रा गाळला, कीं एंजिन आपलाच उष्ण निःश्वास पुन्हां आंत घेऊं लागतें. जुन्या रचनेंत तेल थंड करणारी जाळी पंख्याच्या पेटींतच, तिसऱ्या सिलिंडराच्या वाटेंत उभी असे. त्याला वारा कमी मिळे आणि त्याचीच झडप प्रथम जळून तुटे. १९७० साली कारखान्यानें ती जाळी बाजूस हलविली, तेव्हां हा दोष बराच कमी झाला. उत्तम रीतीनें दुरुस्त केलेलीं एंजिनें अल्पकाळांत निकामी होतात, त्याचें कारण पुष्कळदां एंजिनांत नसून त्याच्या भोंवतालीं असतें.

हीं एंजिनें घेऊन युरोपांतील तरुण १९६० नंतरच्या काळांत इस्तंबूल, तेहरान व काबूल या मार्गानें भारतांत आले. त्यांच्या गाड्या गोव्यांत हणजूणच्या किनाऱ्यापर्यंत पोंचल्या. वाटेंत एंजिन बिघडलें तर रस्त्याच्या कडेला तें उतरवून हातांनीं दुरुस्त करणारेहि त्यांत होते. अमेरिकेंत जॉन म्यूर यांनीं १९६९ मध्यें अगदीं अनभिज्ञांसाठीं या दुरुस्तीचें पुस्तक लिहिलें, आणि तें घरोघर वापरलें गेलें. १९७९ च्या इराण-अफगाणिस्तानांतील उलथापालथीनें तो मार्ग बंद पडला. ब्राझीलमध्यें ही गाडी सर्वांत अधिक टिकली. तेथेंहि २००५ अखेर हवेनें थंड होणारें एंजिन थांबलें व २०१३ अखेर गाडीच थांबली. २०२० साली तर खुद्द कारखान्यानेंच जुन्या गाडींत विजेची मोटार घालून दाखविली.

धूर नको, आवाज नको, म्हणून जुनें एंजिन काढून टाकावें, असें कोणी म्हटल्यास तें अगदींच अग्राह्य नव्हे. परंतु त्या एंजिनाबरोबर एक विद्याहि जाते: वस्तु झिजली म्हणजे ती संपली असें न मानणारी विद्या. अभावाच्या दिवसांत ती जन्मास आली आणि समृद्धीच्या दिवसांत ती विसरली जात आहे. जो कारागीर आजहि हें एंजिन बसवितो, तो प्रथम ठिणगी न देतां तें फिरवितो, तेलाचा दाब चढून दिवा विझल्यावरच तें सुरू करतो, आणि सुमारें पांचशें किलोमीटरांनंतर तेल बदलून झडपांची मोकळीक पुन्हां तपासतो. ही शेवटची तपासणी चुकविणारे पुष्कळ असतात. एंजिनाचें पुढील आयुष्य बहुधा तेथेंच ठरतें.