ऑबर्नच्या शेतातले अडीच सेकंद

१६ मार्च १९२६, दुपार. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, ऑबर्न गावच्या एका शेतात तुम्ही उभे आहात. जमिनीवर अजून बर्फ आहे. लांब कोट घातलेले क्लार्क विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट गॉडर्ड नळ्यांच्या एका सांगाड्यापाशी काही तपासत आहेत. जरा पुढे व्हा, ते यंत्र नीट बघा.

टाक्या खाली आहेत आणि इंजिन वर! वरून ओढलं तर रॉकेट सरळ जाईल, असा गॉडर्ड यांचा कयास आहे. तो चुकीचा आहे, पण आज ते तुम्ही सांगायचं नाही. एका टाकीत पेट्रोल आहे. दुसरीत आहे द्रवरूप ऑक्सिजन, उणे १८३ अंशांना उकळणारा, त्यामुळे साध्या थंडीतही सतत वाफ होऊन निसटू पाहणारा. सगळी युक्ती या दोघांना वेगळं ठेवण्यात आहे. बंदुकीच्या दारूच्या रॉकेटमध्ये जळणारं आणि जाळणारं आधीच कालवलेलं असतं. एकदा पेटलं की ते संपेपर्यंत थांबत नाही. इथे मात्र दोघांची गाठ फक्त ज्वलनकक्षात पडते. म्हणजे झडप हाती असली की आगीची सूत्रंही हाती येतात. माझ्या मते रॉकेटच्या इतिहासातला सर्वांत मोठा विचार हाच.

पण द्रव कक्षात आपणहून शिरत नाहीत. आत स्फोटक दाब असतो. टाक्यांतला दाब त्याहून जास्त नसेल, तर प्रवाह उलटाच फिरेल. म्हणून सुरुवातीला बाहेरच्या सिलिंडरमधून नळीने दाब दिला जातो. नंतर ऑक्सिजनच्या टाकीखालचा स्पिरिटचा छोटा दिवा तिथला ऑक्सिजन तापवून तोच दाब टिकवतो.

मदतनीस हेन्री सॅक्स काठीला बांधलेल्या ब्लोटॉर्चने इंजिनाच्या माथ्यावरचा प्रज्वलक पेटवतात. गॉडर्ड यांच्या पत्नी एस्थर कॅमेरा सुरू करतात. मोठा आवाज होतो, ज्वाळा दिसते, आणि रॉकेट जागचं हलत नाही. घाबरू नका. अजून वजन जोरापेक्षा जास्त आहे. पेट्रोल आणि ऑक्सिजन जळून ते हलकं होतं आणि मग सांगाड्यातून सुटतं. तोवर कॅमेऱ्याची चावी संपलेली असते, त्यामुळे हे उड्डाण तुमच्याच डोळ्यांत राहणार आहे.

सहा वर्षांपूर्वी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात गॉडर्ड यांची टर उडवली होती: पोकळीत रेटायला काहीच नसताना रॉकेट पुढे जाईल कसं? आता समोर बघा. ते हवेला रेटत नाही. स्वतःच्याच पोटातला तप्त वायू ते नॉझलमधून मागे फेकतं, आणि त्या फेकण्याची प्रतिक्रिया त्याला पुढे नेते. चंद्रापलीकडेही नियम हाच.

४१ फूट उंची. मग वळण, आणि १८४ फुटांवर कोबीच्या वाफ्यात आदळणं. एकूण अडीच सेकंद.

गॉडर्ड यांच्याबरोबर तुकडे वेचायला चला. नॉझलचा खालचा भाग जळून गेलेला तुमच्या हाती लागेल. वितळवणाऱ्या उष्णतेत धातूची भिंत टिकवायची कशी, हा प्रश्न इथूनच सुरू होतो. पुढच्या मोठ्या इंजिनांनी त्यावर फार सुंदर उत्तर काढलं: जळायला जाणारं इंधन आधी त्याच भिंतीभोवती खेळवायचं. भिंत थंड राहते, इंधन तापून कक्षात शिरतं, आणि भिंतीतून निसटू पाहणारी उष्णता इंजिनाच्याच कामी येते.