घर हेच उपचारकेंद्र : पुण्यातील शीघ्र हस्तक्षेपाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

प्रस्तावना :
मुदतीपूर्वी जन्मलेल्या, कमी वजनाच्या किंवा विकासात मागे पडण्याचा धोका असलेल्या बालकास पहिल्या काही वर्षांत दिले जाणारे उपचार व प्रशिक्षण म्हणजे 'शीघ्र हस्तक्षेप' होय. या कार्याचा इतिहास सामान्यतः संस्था, कायदे व योजना यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु उपचाराचा फार मोठा भाग रुग्णालयात नव्हे, तर घरात घडतो आणि तो करणारी व्यक्ती बहुधा आई असते. प्रस्तुत लेखात पुणे शहराच्या संदर्भात या बाजूचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
घरी जाऊन पालकांनाच प्रशिक्षित करण्याच्या पद्धतीचा सर्वपरिचित नमुना अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, पोर्टेज या गावी १९६९ मध्ये सुरू झाला. वस्ती विरळ असल्याने मुलांना केंद्रात आणणे कठीण होते. म्हणून शिक्षिका आठवड्यातून एकदा घरी जाई, पालकांसमोर कृती करून दाखवी व पुढील आठवड्याचे काम नेमून देई. महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डी येथे, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासमवेत कोसबाड येथे, शाळाच मुलांच्या अंगणात नेली होती. तथापि अंगणवाडीत बाई मुलांना शिकवीत. पोर्टेज पद्धतीत बाई आईला शिकवीत. हा फरक दिसतो तितका लहान नाही. दुसऱ्या पद्धतीत बाई निघून गेल्यावर काम सुरू होते.

पुण्यातील अनुभव :
१९१२ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयात नवजात शिशू विभागामुळे पूर्वी दगावली असती अशी बालके वाचू लागली. साहजिकच त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबर १९८७ ते एप्रिल १९८९ या काळात या विभागातून घरी गेलेल्या, दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी जन्मवजनाच्या बालकांचा डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला. त्यांच्या सहाव्या, बाराव्या व अठराव्या वर्षांचे निष्कर्ष 'इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात अनुक्रमे १९९९, २००४ व २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाराव्या वर्षी या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक ८९.५, तर तुलना गटाचा ९७.२ आढळला. म्हणजे तो सर्वसाधारण मर्यादेत असला तरी कमी होता. वाचन व गणित यांतील अडचणीही नोंदल्या गेल्या. भाड्याची घरे व पत्ते सतत बदलणाऱ्या शहरात अठरा वर्षे कुटुंबांशी संबंध टिकविणे हे काम सोपे नव्हते. त्याचे श्रेय संशोधकांइतकेच मुलाला घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या पालकांचेही आहे.

अशा बालकांच्या मापनासाठी भारतात रूढ झालेली श्रेणी प्रमिला फाटक यांच्या बडोदा येथील कार्यातून, नॅन्सी बेली यांच्या श्रेणीच्या आधारे तयार झाली. तिची सुधारित पुस्तिका १९९७ मध्ये पुण्यातूनच प्रकाशित झाली. तीस महिन्यांपर्यंतच्या बालकासाठी तीत कारक विकासाच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ कृती आहेत. बालक काय करते हे ती काटेकोरपणे सांगते. ते करण्यासाठी घरात कोणी किती खपले, हे सांगणे तिचे कामच नव्हे. संशोधनात कुटुंबाची स्थिती ठरविणारी कुप्पुस्वामी श्रेणीही कुटुंबप्रमुखाचे शिक्षण, व्यवसाय व कुटुंबाचे उत्पन्न नोंदविते. वेळ नोंदवीत नाही.

घरातील काम :
हे काम कोणते? बाळाला छातीखाली चादरीची गुंडाळी देऊन पालथे ठेवणे, म्हणजे मान धरली जाते. खुळखुळा डोळ्यांसमोरून हळूहळू फिरविणे. कुशीवर वळविणे, मांडीवर दोन्हीकडे पाय सोडून बसविणे, वाटी-चमच्याने भरविताना जबड्याला आधार देणे. प्रत्येक कृती काही मिनिटांची. पण ती दिवसातून अनेकदा, दूध पाजल्यावर लगेच न करता, बाळ रडत नसताना आणि झोपेला आलेले नसताना करावयाची असते. असा वेळ शोधणे हेच मूळ काम ठरते.

मराठी घरात याला एक जुनी पार्श्वभूमी लाभलेली आहे. पसरलेल्या पायांवर घेऊन बाळाला तेल लावणे व न्हाऊ घालणे ही परंपरा आईला किंवा मालिशवालीला बाळाच्या अंगाची ओळख करून देते. स्नायू ताठर असल्याचे डॉक्टरांआधी तिच्या हाताला जाणवू शकते. मात्र ताठर स्नायूंना जोराने ओढणे अपायकारक ठरते. म्हणून जुनी सवय थोडी मोडून नवी शिकवावी लागते, आणि ते आजीच्या देखत करावयाचे असते. 'याचा बापही उशिराच चालला होता' हे आश्वासन प्रेमाने दिलेले असते, परंतु त्यात मोलाचे महिने जाऊ शकतात.

नोकरदार आईचा प्रश्न वेगळा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना २००८ पासून ७३० दिवसांपर्यंत बालसंगोपन रजेची तरतूद झाली. परंतु धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीला यांपैकी काहीही प्रत्यक्षात मिळत नाही, आणि केंद्रात तिला सांगितले जाणारे व्यायाम मात्र तेच असतात. अशा आईच्या मुलाची प्रगती मंदावली की 'घरी व्यायाम होत नाहीत' असा शेरा मारणे हा अन्याय आहे.

शासनव्यवस्था आणि टाळेबंदी :
१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात लवकर निदानाचा समावेश होता. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आणली, तर २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. या तरतुदींमुळे केंद्रे जवळ आली. आईच्या वेळेची तरतूद त्यांत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी सुरू झाली, प्रत्यक्ष भेटी थांबल्या आणि अनेक थेरपिस्ट मोबाइलच्या पडद्यावरून मार्गदर्शन करू लागले. नवीन काहीच घडले नव्हते. आईचे हात आधीपासून तेच करीत होते, आता ते पडद्यावर दिसू लागले एवढेच. वडीलही घरी असल्याने काही घरांत मोबाइल धरणारा दुसरा हात मिळाला आणि त्यांतील काहींनी व्यायामही शिकून घेतले.

या इतिहासाची रुग्णालयीन साधने फायलींमध्ये आहेत. घरातील साधन म्हणजे दिवसाचे व्यायाम, झोप व दूध यांची तारीखवार नोंद ठेवलेली साधी शंभरपानी वही. फायलींना क्रमांक असतो व त्या जपल्या जातात. वह्या मात्र मूल शाळेत जाऊ लागले की बहुधा रद्दीत जातात.