निष्कास प्रणाली, मोटारवाहनांची

मोटारवाहनाच्या एंजिनात इंधन जळून तयार झालेले तप्त वायू सिलिंडरांपासून दूर नेणाऱ्या, त्यांचा आवाज कमी करणाऱ्या आणि ते वाहनाबाहेर सोडणाऱ्या नळांच्या व पेट्यांच्या रचनेस निष्कास प्रणाली म्हणतात. सिलिंडरांच्या मुखांना जोडलेला शाखानल, त्यापुढील मुख्य नळ, आवाजशामक (सायलेन्सर) व पुच्छनल हे तिचे प्रमुख भाग होत. या प्रणालीचा विकास जसा कारखान्यांत झाला, तसाच तो हौशी कारागिरांच्या घरगुती कार्यशाळांतही झाला. विशेषतः अमेरिकेत जुन्या मालमोटारींसाठी घरीच निष्कास नळ घडविण्याची परंपरा विसाव्या शतकाच्या मध्यास रुजली. तिचा आढावा येथे घेतला आहे.

प्रारंभ : इंडियाना राज्यातील मिल्टन रीव्ह्‌ज व त्यांचे बंधू यांना १८९७ साली एंजिनाच्या आवाजशामकाचे एकस्व मिळाले. बंदुकीच्या आवाजशामकाचे एकस्व १९०९ साली मिळविणारे हायरम पर्सी मॅक्सिम यांनीही पुढे हेच तत्त्व एंजिनांना लावले. परंतु पेटीतून वळणे घेत जाणाऱ्या वायूंना अडथळा होतो व त्यामुळे शक्ती वाया जाते, अशी चालकांची तक्रार असे. म्हणून प्रारंभीच्या अनेक मोटारींत आवाजशामकाच्या अलीकडे एक झडप बसविलेली असे. चढ लागला की चालक ती उघडी आणि वायू गर्जना करीत थेट बाहेर पडत. या गोंगाटामुळे अनेक शहरांनी तिच्या वापरास बंदी घातली. एकाची शक्ती व दुसऱ्याची शांतता यांतील हा वाद या प्रणालीच्या पुढील साऱ्या इतिहासात दिसून येतो.

फोर्ड व्ही-८ व हौशी कारागीर : १९३२ साली फोर्ड कंपनीने सु. ३·६ लिटर धारणक्षमतेचे व ६५ अश्वशक्तीचे आठ सिलिंडरांचे स्वस्त एंजिन बाजारात आणले. १९५३ पर्यंत ते, सुधारणा होत, कंपनीच्या अमेरिकी मोटारींत व मालमोटारींत वापरले गेले. १९४८ सालच्या एफ-१ या हलक्या मालमोटारीत त्याची शक्ती १०० अश्वशक्ती होती. त्याच्या झडपा सिलिंडरांच्या ठोकळ्यातच असल्याने निष्कास वायूंना ठोकळ्यातून, पाण्याच्या आवरणाजवळून, बाहेरची वाट काढावी लागे आणि एंजिन लवकर तापे. शिवाय प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना एकच मुख असे. चार सिलिंडरांना तीन मुखे अशी ही अडचण होती.

ही उणीव दूर करण्याचे प्रयत्न दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी केले. तेथील कोरड्या सरोवरांच्या तळांवर वेगाच्या शर्यती होत व त्यांचे नियमन करणारी संघटना १९३७ साली स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जुनी वाहने स्वस्तात मिळू लागली. १९४८ साली निघालेल्या हॉट रॉड या मासिकाने घरगुती कारागिरीचे ज्ञान देशभर पोहोचविले. ओतीव शाखानलाऐवजी वाकविलेल्या पोलादी नळ्यांचा जुडगा व एका नळाऐवजी दोन स्वतंत्र नळ हे या काळातील प्रमुख बदल होत. या एंजिनात एकाच बाजूचे दोन सिलिंडर लागोपाठ प्रज्वलित होतात. त्यामुळे दोन्ही बाजूंचे नळ वेगळे केले की एक विशिष्ट गडगडता आवाज येई व पुष्कळांना त्याचीच आवड असे.

तत्त्व : निष्कास झडप उघडताच दाबाची लाट नळातून धावते. नळाच्या रुंद टोकाशी तिचे परावर्तन होऊन ती विरल लाटेच्या रूपाने मागे फिरते. झडप मिटण्यापूर्वी ती परतली, तर उरलेले वायू ओढले जातात. म्हणून नळ्यांची लांबी महत्त्वाची ठरते. नळ जितका रुंद तितका चांगला, हा समज मात्र चुकीचा आहे. अती रुंद नळात वायूंचा वेग मंदावतो आणि कमी गतीला, म्हणजे ओझे ओढणाऱ्या मालमोटारीला जिची खरी गरज असते तेथेच, एंजिन दुबळे होते.

घरगुती बांधणी : फ्रान्समध्ये १९०३ साली ऑक्सिजन-ॲसिटिलीन ज्योत प्रचारात आल्यावर वितळजोडकाम लहान कार्यशाळांच्या आवाक्यात आले. कारागीर प्रथम तयार बाक व सरळ तुकडे गाडीखाली जुळवून पाहतो, ते ठिपक्यांनी तात्पुरते जोडतो आणि सर्व मोजमापे जमल्यावरच सांधे पूर्ण करतो. आत गाभा घालून वाकविलेल्या नळाचा छेद गोल राहतो. केवळ दाबून वाकविलेला नळ बाकाशी चपटा होतो. एंजिन हलते व नळ तापून लांबतो, म्हणून तो रबरी टांगण्यांवर झुलता ठेवावा लागतो. इंधनाची नळी, ब्रेकची नळी व लाकडी तळ यांपासून तो दूर असावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेला नळ जोडताना निघणाऱ्या धुराने हुडहुडी व ताप येतो. त्यामुळे तसा नळ वर्ज्य मानतात.

सर्वांत मोठा धोका कार्बन मोनॉक्साइडाचा आहे. या वायूला रंग व वास नाही आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी त्याचा संयोग ऑक्सिजनापेक्षा दोनशेहून अधिक पट सहजतेने होतो. सांधा गळका राहिला किंवा पुच्छनल चालककक्षाखालीच संपला, तर हा वायू आत शिरून प्राणघातक ठरतो. बंद जागेत एंजिन चालवून चाचणी घेणेही तितकेच घातक आहे.

कायद्याचे नियंत्रण : लॉस अँजेल्सचे धुरके मोटारींच्या वायूंपासून बनते, हे एरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या दशकारंभी दाखवून दिले. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमानंतर १९७५ पासूनच्या बहुतेक नव्या मोटारींत उत्प्रेरक परिवर्तक आला. १९९० च्या दुरुस्तीने तो काढून टाकणे वाहनधारकासही निषिद्ध झाले. त्यापूर्वीच्या, मुळात परिवर्तक नसलेल्या मालमोटारी या बंधनाबाहेर राहिल्या आणि घरगुती कारागिरीला मुख्यतः त्यांच्यातच वाव उरला. आवाजाचे नियम मात्र त्यांनाही लागू असतात. भारतात मोटारवाहन अधिनियम, १९८८ नुसार वाहनाच्या मूळ रचनेतील बदलांवर निर्बंध आहेत. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ नुसार आवाजशामक सक्तीचा आहे. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक आवश्यक झाला. नळ वाहनधारकाचा असला, तरी त्याचे तोंड सर्वांच्या हवेत उघडते, हे तत्त्व या सर्व नियमांच्या मुळाशी आहे.