व्यासपीठाचा खर्च : अंबाजोगाईच्या व्याख्यान-परंपरेचा मागोवा

महाविद्यालयाचा इतिहास लिहिताना पायाभरणीचे वर्ष, इमारतीचे उद्घाटन, प्राचार्यांची नामावली आणि निकालांची टक्केवारी यांची नोंद आवर्जून केली जाते. मात्र त्याच संस्थेच्या जमाखर्चाच्या वहीतील काही किरकोळ कलमांकडे इतिहासकाराची दृष्टी सहसा जात नाही. पाहुण्यांचा प्रवासखर्च, ध्वनिक्षेपकाचे भाडे, निमंत्रणपत्रिकांची छपाई, तबलजींचे मानधन ही ती कलमे होत. रकमा लहान असतात. तथापि एखाद्या गावात कोणाला बोलू दिले गेले, त्यासाठी पदरमोड कोणी केली आणि ऐकावयास कोण येऊ शकले, हे जाणून घ्यावयाचे असेल तर याच कलमांकडे वळावे लागते. मराठवाड्यातील अंबाजोगाई या नगराचा इतिहास आम्ही या दृष्टीने पाहू इच्छितो.

बीड जिल्ह्यातील हे गाव योगेश्वरी देवीच्या मंदिरासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते मराठी भाषेच्या आद्य पीठांपैकी एक मानले जाते. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी येथे दाखविली जाते, परंपरेने या ग्रंथाचा काळ शके १११० म्हणजे इ. स. ११८८ असा मानतात. त्यानंतर चार शतकांनी दासोपंत (१५५१ ते १६१५) येथे होऊन गेले. त्यांची पासोडी आजही येथे जतन केलेली आहे. सुमारे चाळीस हात लांब आणि चार हात रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा गहन विषय आकृत्यांसह लिहून काढलेला आहे. हे कापड श्रोत्यांपुढे उलगडावे आणि एकेक भाग दाखवीत विषय समजावून द्यावा, अशीच त्याची घडण आहे. व्याख्यानासाठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे काहीतरी मांडावे लागते आणि त्यासाठी कापड व शाई विकत घ्यावी लागते, हा व्यवहार या गावाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

निजामी राजवटीत या गावाचे नाव मोमिनाबाद असे होते. हैदराबाद संस्थानातील मराठी भाषिकांची त्या काळातील अडचण पैशाची होतीच, परंतु पैशाआधी परवानगीचा प्रश्न उभा राही. १९२९ साली काढलेल्या ‘गश्ती निशान ५३’ या कुप्रसिद्ध फतव्याने सार्वजनिक सभांसाठी आगाऊ सरकारी परवानगीची सक्ती केली. खाजगी शाळा काढावयाची तरी सरकारची अनुज्ञा लागे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम उर्दू होते. अशा स्थितीत विचार सांगणाऱ्या माणसाला गावात बोलावणे ही साधी गोष्ट नव्हती. म्हणून गणेशोत्सव, मेळे, ग्रंथालये आणि शाळांचे वार्षिक समारंभ यांच्या आश्रयाने मराठी वक्तृत्व जगले. ब्रिटिश अमलाखालील पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालू झाली होती. संस्थानातील मराठी माणसाला मात्र अर्धशतकानंतरही उघड व्याख्यानमाला भरविताना अधिकाऱ्याच्या कचेरीचे उंबरठे झिजवावे लागत होते.

या पार्श्वभूमीवर १९१७ साली अंबाजोगाईत सुरू झालेल्या योगेश्वरी शिक्षणसंस्थेचे महत्त्व ध्यानात येते. गावकऱ्यांच्या आधाराने उभी राहिलेली ही शाळा १९३५ मध्ये एका असामान्य शिक्षकाच्या हाती आली. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून आलेले ते शिक्षक म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. त्यांच्यासमवेत बाबासाहेब परांजपे होते, जे पुढे १९५२ च्या पहिल्या लोकसभेवर निवडून गेले. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, स्वामीजींनी सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला आणि शाळेचा हा मुख्याध्यापक संस्थानाच्या मुक्तिलढ्याचा सेनानी झाला. वर्गातील शिक्षकाचे बोलणे आणि सभेतील वक्त्याचे बोलणे यांमधील भिंत किती पातळ असते, हे त्या वेळच्या सरकारने अचूक ओळखले होते. संस्थेला गावाची वर्गणी मिळत होती, म्हणूनच ती सरकारच्या कृपेविना आपला बाणा राखू शकली.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. तोवर मराठवाड्यात उच्च शिक्षण जवळजवळ औरंगाबादच्या सरकारी महाविद्यालयापुरतेच होते. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले गेले. त्याच वर्षी नांदेडला स्वामीजींच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज सुरू झाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. अंबाजोगाईच्या योगेश्वरी संस्थेनेही महाविद्यालयीन शिक्षणाची वाट धरली. तिचे एक महाविद्यालय आज स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने चालते. सत्तरच्या दशकात गावात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयही आले. एका तालुक्याच्या गावात इतका विद्यार्थी आणि प्राध्यापकवर्ग गोळा झाल्यावर श्रोत्यांची वाण राहिली नाही. उणीव होती ती वक्त्याला आणण्याच्या साधनांची.

ही साधने कशी जुळविली जात, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. अंबाजोगाई शहर रेल्वेमार्गावर नाही. पाहुणा रेल्वेने आला तर परळी वैजनाथला उतरे आणि तेथून सुमारे पंचवीस किलोमीटरचा रस्ता एस. टी.ने किंवा कोणा व्यापाऱ्याच्या जीपगाडीने कापी. पुण्या-मुंबईच्या वक्त्याचे एक तासाचे व्याख्यान म्हणजे प्रत्यक्षात तीन दिवसांचा खटाटोप असे. म्हणून चाणाक्ष प्राध्यापक एकट्याने वक्ता बोलावीत नसत. लातूर, अंबाजोगाई, परळी, बीड अशी गावे एका दौऱ्यात गुंफावयाची, प्रवासखर्च वाटून घ्यावयाचा आणि पाहुण्याचा मुक्काम एखाद्या प्राध्यापकाच्या घरी करावयाचा, ही सर्वांच्या सोयीची रीत होती. घरी मुक्काम केल्याने खर्च वाचे, शिवाय रात्री जेवणानंतर ओसरीवर जी बैठक रंगे तिचा लाभ विद्यार्थ्यांना होई.

अशा दौऱ्यांच्या जोरावर मराठवाड्याने आपले स्वतःचे वक्ते घडविले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर हे त्यांतील अग्रणी. इतिहास, राज्यशास्त्र, नाट्यशास्त्र, संगीत अशा नाना विषयांवर ते गावोगाव बोलत असत आणि त्यांच्या अनेक व्याख्यानांची पुस्तके झाली. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती. ज्या प्रदेशात पन्नास वर्षांपूर्वी सभेला परवानगी मागावी लागत होती, त्या प्रदेशाचा एक प्राध्यापक व्यासपीठावरच देह ठेवतो, हा योगायोग आम्हांला अंतर्मुख करतो.

रंगभूमीची वाट याहून खडतर. व्याख्यानाला एक माणूस पुरतो. नाटकाला किंवा गाण्याला साथीदार, नेपथ्य, प्रकाशयोजना, तालमीची जागा आणि दीर्घ सराव लागतो. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, तोही एक सोपस्कार. म्हणून महाविद्यालयांनी बाहेरची नाटके विकत आणण्यापेक्षा आपल्या विद्यार्थ्यांनाच रंगमंचावर उभे केले. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक विद्यार्थ्यांनी केले. मराठी दलित रंगभूमीच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. पुण्यात १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा एकांकिकांना वाव देऊ लागली. १९७७ साली दिल्लीत प्रा. किरण सेठ यांनी सुरू केलेल्या ‘स्पिक मॅके’ चळवळीने तर देशातील थोर गायक-वादकांना अल्प मानधनावर महाविद्यालयांत नेले. कलावंताने आपल्या मोबदल्याचा काही भाग सोडावयाचा आणि विद्यार्थ्यांनी संयोजनाचे श्रम करावयाचे, असा तो अलिखित करार होता.

पैशाचे झरे प्रामुख्याने चार होते, आणि प्रत्येकाची अट वेगळी होती. पहिला विद्यार्थ्यांच्या शुल्कातील स्नेहसंमेलनाचा भाग. हा पैसा विद्यार्थ्यांचा, म्हणून पाहुणा निवडण्यात त्यांचा शब्द चालावा ही अपेक्षा रास्त. दुसरा विद्यापीठाचा. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाने आपले पहिले कुलगुरू डॉ. मुकुंदराव जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावच्या महाविद्यालयांत नेली, ती या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. येथे विद्यापीठाची वक्तासूची समोर ठेवून निवड करावी लागते. तिसरा झरा दानशूर कुटुंबांचा. आईवडिलांच्या स्मरणार्थ ठेव ठेवावयाची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी एक व्याख्यान व्हावयाचे. चौथा झरा बाजारपेठेतील व्यापारी आणि पुढारी यांचा. हा पैसा सर्वांत लवकर मिळतो. मात्र व्यासपीठावरील एक खुर्ची सोबत मागतो, आणि पाहुण्याच्या तासातील अर्धा तास सत्कारात जातो.

या सर्वांची एकवट कसोटी १९८३ साली लागली. त्या वर्षी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईस भरले आणि कथाकार व्यंकटेश माडगूळकर अध्यक्षस्थानी होते. तालुक्याच्या गावाने महाराष्ट्रभरच्या साहित्यिकांची व रसिकांची व्यवस्था ठेवणे म्हणजे गावातील शाळा, महाविद्यालये आणि घरे यांनी आपली दारे उघडणे होय. पुढे यशवंतराव चव्हाणांच्या निधनानंतर (२५ नोव्हेंबर १९८४) त्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी नोव्हेंबरअखेर होणारा तीन दिवसांचा समारोह भगवानराव लोमटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे रुजविला. व्याख्यान, कविसंमेलन आणि शास्त्रीय संगीत यांचा त्यात मेळ असतो. महाविद्यालयाने घडविलेला श्रोता पदवी घेऊन बाहेर पडला तरी श्रोताच राहतो, याचा हा पुरावा होय.

आजचे चित्र मात्र चिंता वाटावी असे आहे. स्मृतिव्याख्यानाच्या ठेवींचाच हिशेब घेऊ. नव्वदीच्या दशकात कोणी ५०,००० रुपये ठेविले आणि व्याजदर शेकडा ११ असला, तर वर्षाला ५,५०० रुपये हाती येत. त्यात पाहुण्याचा प्रवास, मानधन आणि छपाई भागत असे. आज शेकडा साडेसहा दराने त्याच ठेवीचे ३,२५० रुपये येतात, आणि तेवढ्यात पुण्याहून येण्याजाण्याच्या मोटारीचे भाडेही सुटत नाही. ठेवीचे नाव टिकले, परंतु तिचे सामर्थ्य ओसरले. २०१७ साली पंचवार्षिक योजनांचे पर्व संपले आणि त्या योजनांच्या आधाराने महाविद्यालयांना मिळणाऱ्या विकास-अनुदानाची जुनी चौकटही मोडली. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या ‘नॅक’च्या मूल्यांकनात उपक्रमांची नोंद मागितली जाते, म्हणून व्याख्याने होतात, छायाचित्रे निघतात आणि अहवाल तयार होतो. २०२० च्या महासाथीत पडद्यावरची व्याख्याने सुरू झाली. त्यांनी प्रवासखर्च वाचविला खरा, पण त्याबरोबर ओसरीवरची बैठकही गेली.

आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची महाविद्यालयात जाणारी मुलेही पुष्कळदा कोयता हाती घेतात, किंवा मागे राहून घर सांभाळतात. स्नेहसंमेलने मात्र रूढीने डिसेंबर-जानेवारीत होतात. म्हणजे ज्या विद्यार्थ्याने शुल्क भरले, तोच समारंभाच्या दिवशी फडात असतो. जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत व्याख्याने व प्रयोग ठेविले तर हा अन्याय बराच टळेल. १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन हे त्या मालिकेचे साजेसे समापन होईल. यासाठी एक रुपयाही जादा लागत नाही. केवळ दिनदर्शिका समोर ठेवून विद्यार्थ्यांच्या घरची परिस्थिती आठवावी लागते.

आपल्या वाचक-कुटुंबांना हा विषय दूरचा वाटू नये. जानेवारी २०२० मध्ये अंबाजोगाईच्या शेजारच्या जिल्ह्यात, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव येथे ९३ वे साहित्य संमेलन झाले, तेव्हा वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. एका धर्मगुरूच्या निवडीला काहींनी विरोध केला होता; तरीही मराठवाड्याच्या रसिकांनी आपल्या व्यासपीठावर त्यांचे स्वागत केले. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले. अशी औदार्याची सवय एका दिवसात लागत नाही. भिन्न मताचा माणूस घरी उतरवून घेण्याची, त्याचे शांतपणे ऐकण्याची आणि मग त्याला प्रश्न विचारण्याची जी शिस्त गावोगावच्या व्याख्यानांनी वर्षानुवर्षे लावली, तिचे ते फळ आहे.

तेव्हा आमचे सांगणे थोडके आहे. धर्मग्रामातील सणासाठी, नाटकासाठी आपण घरटी वर्गणी काढतो, तिचा हिशेब फलकावर लावतो आणि कोणी एक देणगीदार डोईजड होणार नाही याची काळजी घेतो. आपली मुले ज्या महाविद्यालयांत शिकतात तेथील व्याख्यानांनाही हाच न्याय लागू पडतो. माजी विद्यार्थ्यांनी दरसाल शंभर-दोनशे रुपये द्यावेत, ते पुष्कळांनी द्यावेत, जुन्या ठेवींत भर घालावी आणि वक्त्याची निवड विद्यार्थी व शिक्षक यांच्याकडे सोपवावी. निजामाच्या काळात अंबाजोगाईच्या शाळेला गावाच्या वर्गणीने ताठ मानेने उभे केले. परवानगीची सक्ती सरली, पण व्यासपीठाचा खर्च अजून सरलेला नाही, आणि तो पुष्कळांनी मिळून सोसला तरच त्यावरून मोकळेपणाने बोलता येईल.