मुंबई–लंडन हवाई अंतर व प्रवासकाल

मुंबई–लंडन हवाई मार्ग हा भारतातील मुंबई आणि युनायटेड किंग्डममधील लंडन या शहरांना जोडणारा मार्ग आहे. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ व हीथ्रो विमानतळ यांमधील किमान हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर (सुमारे ३,८९० सागरी मैल) आहे. मुंबईहून लंडनला थेट विमानाने जाण्यास साधारणतः साडेनऊ ते साडेदहा तास लागतात.

अंतर

पृथ्वी गोल असल्याने दोन ठिकाणांमधील सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्ताच्या कंसावरून जातो. सपाट नकाशावर तो उत्तरेकडे वाकलेला दिसतो. या मार्गाचा कंस पाकिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र व युक्रेन यांवरून जातो. प्रत्यक्षात विमानांना ठरवून दिलेल्या हवाई वाटांनी जावे लागत असल्याने कापलेले अंतर याहून अधिक भरते.

प्रवासकाल

अंतर कायम असले तरी प्रवासकाल पुढील कारणांमुळे बदलतो.

वारे : मध्य अक्षांशांवर अधिक उंचीवरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान जेट प्रवाह वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, तर परतताना साहाय्यक ठरतात. त्यामुळे परतीचा प्रवास सुमारे नऊ तासांत होतो.

हवाई हद्दी : २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपल्या हवाई हद्दीवर निर्बंध घातले होते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनची हद्द नागरी विमानांसाठी बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द पुन्हा बंद केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागून वेळ व इंधन दोन्ही वाढतात.

प्रमाणवेळेतील फरक

भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या हिवाळी वेळेपेक्षा साडेपाच तास, तर उन्हाळी वेळेपेक्षा साडेचार तास पुढे असते. दुपारी २ वाजता मुंबईहून निघालेले विमान साडेनऊ तासांनी लंडनला पोहोचते, तेव्हा भारतात रात्रीचे ११.३० वाजलेले असतात. लंडनमध्ये मात्र हिवाळ्यात सायंकाळचे ६ व उन्हाळ्यात ७ वाजलेले असतात. त्यामुळे तिकिटावरील स्थानिक वेळांची केवळ वजाबाकी केल्यास प्रवासकाल चुकीचा निघतो.

इतिहास

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या 'मलबार प्रिन्सेस' या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनकडे पहिले उड्डाण केले. जे. आर. डी. टाटा हे त्यातील एक प्रवासी होते. पंख्यांच्या विमानांना वाटेत थांबे घेणे अपरिहार्य होते. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आल्यावर उड्डाणाचा वेळ बराच कमी झाला.

या मार्गावरील दोन विमाने आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर कोसळली. ३ नोव्हेंबर १९५० रोजी 'मलबार प्रिन्सेस'च्या अपघातात ४८ जणांचा मृत्यू झाला. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनजंगा' या बोइंग विमानातील सर्व ११७ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हेही होते. दुसऱ्या अपघातात जिनिव्हाकडे उतरताना शिखरापासूनच्या आपल्या स्थानाबाबत वैमानिकाचा गैरसमज झाला होता. आजची थेट विमाने जिनिव्हाला न थांबता जातात.