दिल्लीतील बेघर आणि हिवाळी वस्त्रसंकलन : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९१ ते २०१८)

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या तीन मूलभूत गरजा होत, हे वाक्य शालेय पाठ्यपुस्तकापासून शासकीय अहवालापर्यंत सर्वत्र आढळते. तथापि स्वातंत्र्योत्तर काळातील लोककल्याणाचा विचार करताना अन्न आणि निवारा या दोहोंना जेवढे स्थान मिळाले, तेवढे वस्त्राला मिळाले नाही. अन्नासाठी रेशनव्यवस्था उभी राहिली, निवाऱ्यासाठी गृहनिर्माण योजना आल्या. वस्त्राचा इतिहास मात्र खादी, हातमाग आणि कापडगिरण्या यांच्याभोवतीच फिरत राहिला. वस्त्र कोणी विणले हे त्यात सापडते. ते कोणाच्या अंगावर नव्हते, याची नोंद शोधावी लागते. प्रस्तुत लेखात राजधानी दिल्लीतील बेघर आणि त्यांच्यासाठी हिवाळ्यात होणारे वस्त्रसंकलन यांचा या दृष्टीने विचार केला आहे.

उत्तरकाशीचा भूकंप आणि ‘गूंज’ची स्थापना :

२० ऑक्टोबर १९९१ रोजी गढवालमधील उत्तरकाशी परिसरात भीषण भूकंप झाला. हिवाळा तोंडावर होता. मदतकार्यासाठी तेथे गेलेल्या तरुणांमध्ये दिल्लीत पत्रकारितेचे शिक्षण घेतलेले अंशू गुप्ता होते. गोणपाट अंगावर घेऊन थंडी निभावणारी माणसे त्यांनी तेथे पाहिली. दिल्लीत पत्रकारितेच्या निमित्ताने त्यांची गाठ बेवारस प्रेते उचलणाऱ्या एका माणसाशी पडली. एका प्रेतामागे त्याला वीस रुपये आणि दोन मीटर पांढरे कापड मिळे. हिवाळ्यात आपले काम वाढते, हे त्याने सांगितलेले साधे सत्य गुप्ता यांच्या पुढील कार्याचा पाया ठरले. जिवंतपणी ज्याला पांघरूण मिळाले नाही त्याला मृत्यूनंतर मात्र सरकारी खर्चाने दोन मीटर कापड मिळत होते. या व्यवस्थेवर याहून कठोर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

१९९९ मध्ये गुप्ता दांपत्याने स्वतःच्या घरातील ६७ कपड्यांपासून ‘गूंज’ या संस्थेचे कार्य आरंभिले. थंडी ही आपत्ती नसून अपुरे वस्त्र ही आपत्ती आहे, अशी त्यांची मांडणी होती. थंडी तर सर्वांनाच वाजते; तिने मरतो तो ज्याच्याजवळ पांघरूण नाही तो. २०१५ मध्ये गुप्ता यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार प्राप्त झाला.

संकलनाची कार्यपद्धती :

जुने कपडे गोळा करणे हे वरकरणी अत्यंत सोपे कार्य आहे. वसाहतीत एखादी पेटी ठेवली, सूचनाफलकावर चार ओळी लिहिल्या की आठवड्याभरात खोली भरते. परंतु देणारा आपल्या कपाटातील नकोसे ते देतो. घेणाऱ्याची गरज त्याच्या डोळ्यांपुढे नसते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, हे याचे ठळक उदाहरण होय. मासेमारी करणाऱ्या, उष्ण व दमट हवेत राहणाऱ्या कुटुंबांना लोकरी कपड्यांचा उपयोग तो काय?

म्हणून ‘गूंज’ने संकलनापेक्षा वर्गवारीवर अधिक भर दिला. आलेला प्रत्येक कपडा लिंग, वय, ऋतू आणि प्रदेश यांनुसार वेगळा केला जाऊ लागला. बटणे लावणे, उसवलेली शिवण घालणे ही कामे स्त्रियांच्या हाती आली. वापरण्यायोग्य न उरलेल्या कापडापासून ‘सुजनी’, म्हणजे आपल्याकडील गोधडीची बिहारी बहीण, तयार होऊ लागली. सुती चिंध्यांपासून मासिक पाळीसाठीच्या घड्या बनविण्यात आल्या आणि एका मोठ्या अव्यक्त गरजेला त्यामुळे वाचा फुटली. ग्रामीण भागात तर कपडे फुकट न देता विहीर खोदणे, रस्ता दुरुस्त करणे अशा श्रमांचा मोबदला म्हणून ते देण्याचा प्रघात संस्थेने पाडला. दान घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६) स्मरण होणे स्वाभाविक आहे. चिंध्यांचा वेष स्वतः पांघरून त्यांनी उघड्यानागड्यांना वस्त्र आणि बेघरांना आसरा हा आपल्या कार्याचा भाग मानला, आणि हाती आलेला पैसा धर्मशाळांच्या बांधकामात घातला. वस्त्राची सोबत निवाऱ्याशी असते, हे त्यांना पुरते उमगले होते. दिल्लीत ही जाणीव होण्यास २०१० साल उजाडावे लागले.

गणनेचा प्रश्न :

कपडे किती लागणार हे ठरविण्यासाठी माणसे किती आहेत हे ठाऊक असावे लागते. ‘आश्रय अधिकार अभियान’ने २००० मध्ये दिल्लीतील बेघरांची रात्रीची गणना केली, ती ५२,७६५ इतकी भरली. २००१ च्या जनगणनेत हाच आकडा सुमारे २५ हजार दिसतो. जनगणनेत बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या एकाच रात्री होते. दिल्लीची कडाक्याची थंडी तोवर ओसरलेली असते, हे येथे जाता जाता नमूद करावयास हवे. ज्यांची नोंदच नाही त्यांच्यासाठी रजया किती घ्यावयाच्या, हा प्रश्न मग अंदाजावर सुटतो.

८ जानेवारी २००६ रोजी सफदरजंग येथे किमान तापमान ०.२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. १९३५ नंतर एवढी थंडी दिल्लीने अनुभवली नव्हती. अशा रात्री पदपथावर झोपणारा कष्टकरी जुन्या दिल्लीत भाड्याने रजई घेतो. रात्रीपुरती रजई आणि झोपण्याची जागा भाड्याने देणारा हा व्यवसाय किती संघटित आहे, हे शौनक सेन यांच्या ‘सिटीज ऑफ स्लीप’ (२०१५) या अनुबोधपटातून स्पष्ट होते. ‘दानात मिळालेले ब्लँकेट हे लोक विकून टाकतात’ अशी तक्रार दात्यांकडून वारंवार ऐकू येते. तीत तथ्य असेलही. पण ज्याला कपाट नाही, पेटी नाही, कामावर जाताना सामान ठेवण्यास कोपरा नाही, त्याने मार्च महिन्यात ब्लँकेटचे काय करावे, हा प्रश्न तक्रार करणारे स्वतःला विचारीत नाहीत. दरवर्षी तेच वाटप पुन्हा करावे लागते, याचे कारण घेणाऱ्याच्या स्वभावात नव्हे तर त्याच्या बेघरपणात शोधले पाहिजे.

दानाकडून हक्काकडे :

डिसेंबर २००९ मध्ये, ऐन थंडीत, पुसा रोडवरील बेघरांचा तात्पुरता निवारा दिल्ली महानगरपालिकेने पाडला. २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी शहर सुशोभित करण्याचा तो काळ होता. दिल्ली उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली. सर्वोच्च न्यायालयाचे आयुक्त एन. सी. सक्सेना व विशेष आयुक्त हर्ष मंदर यांनी अन्नाच्या हक्काविषयी २००१ पासून चालू असलेल्या खटल्यात जानेवारी २०१० मध्ये हा प्रश्न उपस्थित केला. २० जानेवारीच्या आदेशात न्यायालयाने निवाऱ्यासोबत ब्लँकेट, पाणी आणि फिरती स्वच्छतागृहे पुरविण्यास सांगितले. वस्तू तीच, ब्लँकेट. परंतु ती आता दात्याच्या मर्जीवर न राहता शासनाच्या कर्तव्यात जमा झाली. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी कायम निवारा हे प्रमाण निश्चित झाले. कागदावरील हे प्रमाण आणि प्रत्यक्षातील निवारे यांत एवढी तफावत राहिली की नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निवृत्त न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली.

या सर्व काळात दिल्लीत आणखी एक कायदा लागू होता, आणि तो मूळचा मुंबईचा. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम १९६० मध्ये दिल्लीस लागू करण्यात आला. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक ठिकाणी भटकणे किंवा राहणे यालाही त्यात, भिक्षेवर जगण्याचा संभव दिसल्यास, ‘भीक मागणे’ म्हटले होते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धतेची तरतूद होती. म्हणजे ज्या पदपथावर संध्याकाळी एखादे मंडळ ब्लँकेट वाटून गेले, त्याच पदपथावरून सकाळी ते ब्लँकेट घेणारा पोलिसांच्या गाडीत चढविला जाणे कायद्याला धरूनच होते. हर्ष मंदर आणि इतरांच्या याचिकांवर निर्णय देताना ८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या गीता मित्तल व सी. हरिशंकर यांच्या खंडपीठाने भीक मागण्यास गुन्हा ठरविणारी या अधिनियमातील कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. त्यानंतरच्या हिवाळ्यात वस्त्रवाटपाच्या रांगेत उभा राहणारा बेघर मनुष्य, अठ्ठावन्न वर्षांनंतर प्रथमच, केवळ बेघर होता, आरोपी नव्हता.